एका वेळी एकच

फोनवर बोलताना त्यांच्या हातून फोन पडायचा. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी नक्की. बोलायला लागले की त्यांचे दोन्ही हातही बोलायला लागायचे आणि फोन धरायला कुणी उरायचं नाही. मग वाकून फोन उचलायचा आणि पलीकडच्याला सांगायचं, "माफ करा, मधलं वाक्य खाली सांडलं." फोनच्या काचेला इतके तडे गेले होते की त्यावर किती वाजले हे बघायला ते दुसऱ्या कुणाकडे तरी फोन द्यायचे.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. नोकरीभर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि निवृत्त झाल्यावर बहिऱ्या कलाकारांचा नाटकाचा गट चालवत होते. बिबवेवाडीत एका फर्निचरच्या दुकानावर त्यांनी लांबट खोली भाड्यानं घेतली होती. तिथे संध्याकाळी तालमी चालायच्या. गटात दहा-बारा जण होते. सगळे बहिरे, आणि ऐकणारे दोघेच. ते आणि मी.

त्यांचे आईवडील दोघेही बहिरे होते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आई शिवणकाम करायची. त्या घरात हातांनीच बोललं जायचं. सर पाळण्यातून बाहेर आले ते खुणा करत. मराठी त्यांना शेजारच्या बिऱ्हाडातून मिळाली. "मराठी माझी शेजारीण आहे," ते म्हणायचे. "आईशी भांडता येतं. शेजारणीशी नीटच बोलावं लागतं." त्यामुळे त्यांची मराठी फार स्वच्छ होती, जरा जास्तच. रिक्षावाल्याला 'आपण' म्हणायचे. स्वारगेटला एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. "आपण बिबवेवाडीला येणार का?" असं त्यांनी तोंडानं आणि हातांनी एकदम विचारलं. रिक्षावाल्यानं हात बघितले आणि फक्त मान हलवून, बोटानं मागची सीट दाखवून उत्तर दिलं. "अहो, मला ऐकू येतं," सर म्हणाले. हेही हातांनी करूनच. रिक्षावाला माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "बसवा त्यांना नीट."

सांगायचं म्हणजे, हा माणूस जागेपणी कधी नुसतं तोंडानं बोललाच नाही. भाजीवाली, दातांचा डॉक्टर, माझे वडील, सगळ्यांशी एकाच वेळी बोलायचा आणि खुणा करायचा. आणि याच माणसाचा रंगमंचावर एकच कायदा होता. एका वेळी एकच. हात तरी, नाहीतर तोंड तरी. तालमीत कुणी खुणा करता करता आवाज काढला की सर उठायचे, त्याच्यासाठी खुर्ची ओढायचे आणि अगदी अदबीनं म्हणायचे, "बसा. आपण दमला आहात."

मला हे पहिल्या दिवसापासून कळलं नाही. आजही पूर्ण कळलंय असं मी म्हणणार नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील नोकरी सांभाळून चळवळीचं काम करायचे. जयंतीला स्टॉलवर वाटून उरलेली पत्रकं आमच्या पलंगाखाली असायची आणि मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे मी लिहिलेलं पहिलं वाक्य आहे. पुढे पथनाट्यं लिहायला लागलो. बहिऱ्यांचं नाटक म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच मांडणी तयार झाली होती. ज्यांचा आवाज दाबला गेला त्यांना आवाज द्यायचा.

पहिल्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे मधूनमधून माझं बोलणं हातांनी बाकीच्यांना सांगत ऐकलं. मग म्हणाले, "शर्ट बदलून या."

"काय?"

"चौकडीचा आहे. चौकडीवर हात दिसत नाहीत. आपण इथे क्रांती कराल आणि कुणाला दिसणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी काळा शर्ट घालून गेलो. गटानं तोवर माझं नाव ठेवलं होतं. तिथे प्रत्येकाचं खुणेचं नाव असतं, ते आपण घ्यायचं नसतं, बाकीचे देतात. माझं नाव म्हणजे डाव्या हातावरून उजव्या हातानं पटापट कागद वाटायची खूण. पत्रकवाला. मला ते आवडलं. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की ती खूण करताना सगळे चेहरा जरा कंटाळलेला करतात आणि तो चेहराही नावातच मोडतो.

सहा महिन्यांत मी खुणा शिकलो. मला वाटत होतं, चांगल्या शिकलो. मग मी एक स्वगत लिहिलं. वस्तीतल्या पाण्याच्या रांगेवर होतं. ठरवलं की ते मी दोन्ही भाषांत एकदम सादर करायचं. एक मंच, दोन भाषा, एकच क्षण. ऐकणारे आणि बहिरे शेजारी शेजारी बसलेत आणि कुणालाही थांबावं लागत नाही. समता म्हणजे आणखी काय असते? सरांनी परवानगी दिली याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं.

मी जीव तोडून केलं. संपल्यावर गटातल्या एकानं अंगठा वर केला. बाकीचे अंगठा वर करणाऱ्याकडे बघत होते.

सरांनी ते माझ्याच फोनवर चित्रित केलं होतं. त्यांनी मला खाली बसवलं, आवाज बंद केला आणि लावलं. "आता सांगा, हे गृहस्थ काय म्हणताहेत."

मी बघत राहिलो. पडद्यावर एक माणूस 'पाणी' म्हणाला, मग 'बाई', मग हात हवेत नुसतेच फिरले, मग पुन्हा 'पाणी', मग 'सकाळ'. तोंड सपासप चाललेलं आणि हात मागून धावत एखादाच शब्द पकडताहेत. चेहऱ्यावर काहीच नाही. चेहरा बोलण्यात गुंतलेला. खुणांमध्ये अर्धी गोष्ट चेहरा सांगतो, हे मला तोंडपाठ होतं. ते स्वगत मी लिहिलं होतं, मीच केलं होतं आणि मलाच ते समजत नव्हतं.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी पडद्यावर रुमाल टाकला आणि आवाज मोठा केला. "आता नुसतं ऐका."

"बा...या... रां...गेत... उभ्या..."

"हे कोण आहे?" सरांनी विचारलं. "स्टँडवर गाड्या पुकारतात ते का?"

मला राग आला. मी म्हणालो, "सर, तुम्ही स्वतः दिवसभर हेच करता."

"हो."

"मग?"

"मी वाईट करतो."

"मग करता कशाला?"

यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला आठवत नाही, कारण हा प्रश्न मी त्यांना पुढे तीन वर्षं विचारला आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. कधी म्हणायचे, सवय. कधी म्हणायचे, डॉक्टरांनी हातांना व्यायाम सांगितलाय. एकदा म्हणाले, "रस्त्यावर मी चप्पल घालून चालतो, म्हणून मंचावर घालू का?" एकदा तर उलटंच. "मंचावर चूक केली तर टाळ्या मिळतात, म्हणून तिथे चूक करायची नाही." मी प्रत्येक उत्तरावर विचार करायचो आणि ते जरा पटायला लागलं की ते दुसरंच सांगायचे. मला शोषक आणि शोषित ही विभागणी पक्की ठाऊक होती. हा माणूस कुठल्या रकान्यात घालायचा ते ठरत नव्हतं. बहिऱ्यांवर ऐकणाऱ्याची हुकूमत म्हणावी, तर त्यांच्याइतका बहिरा माणूस त्या गटात कुणी नव्हता.

त्यांचं जेवणसुद्धा वेगळं होतं. भाकरी चमच्यानं खायचे. आधी भाकरीचे तुकडे भाजीत कुस्करून ठेवायचे आणि मग डाव्या हातातल्या चमच्यानं जेवायचे, म्हणजे उजवा हात मोकळा. चहाचा कप मांडीवर ठेवायचे. दर महिन्याला एखादी पँट चहानं डागाळायची. कुणी 'मूकबधिर' म्हटलं की चमचा खाली ठेवून विचारायचे, "यातला मूक कोण? नाव सांगा, मला भेटायचंय." सभागृहाच्या बुकिंगच्या फॉर्मवर तो शब्द छापलेला होता. त्यांनी तो खोडला. कारकून म्हणाला, "फॉर्म खराब झाला, दुसरा भरा." त्यांनी दुसऱ्यावरचाही खोडला. चौथ्या फॉर्मला कारकून म्हणाला, "खोडा, पण जरा बारीक खोडा."

सुजाता आमच्या गटातली सगळ्यात चांगली नटी. लोणी काळभोरला आईबरोबर राहायची, एका कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम करायची आणि तिथून बस बदलत तालमीला यायची. तिची आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. सुजाता लहान असताना शाळेनं आईला सांगितलं होतं, घरात खुणा करू नका, नाहीतर पोरगी बोलणार नाही. त्या बाईनं ते आज्ञेसारखं पाळलं. बारा वर्षं रोज संध्याकाळी पोरीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर घोटून घेतलं. सुजाता बोलायला शिकली. तिचं बोलणं जगात एकाच माणसाला समजायचं, ते म्हणजे आईला. आणि आईला तिची एकही खूण येत नव्हती.

आमचं नवीन नाटक शाळेवरच होतं. मी लिहिलेलं, पण सुजाताच्या आणि बाकीच्यांच्या आठवणींवरून. शेवटी सुजाताचं चार मिनिटांचं स्वगत. सरांच्या कायद्याप्रमाणे ती फक्त खुणा करणार आणि मंचाच्या कडेला खुर्चीत बसून मी माइकवर तेच मराठीत बोलणार. तिचे हात, माझं तोंड. दोन माणसं, प्रत्येकाचं एकच काम. सभागृहात बहिरा असो की ऐकणारा, कुणी कोरडं राहत नाही.

प्रयोगाला तीन आठवडे होते तेव्हा तिची आई तालमीच्या खोलीवर आली. हातात पिशवी. दारातच चपला काढल्या, आम्ही काही म्हणायच्या आत.

"सर, एक मागायचं हाय."

"बसा ना. मागा."

"समदं हातानं करती, ते करू द्या. पर एक वाक्य तिला तोंडानं बोलू द्या. हात करता करता बोलंल ती. गावातल्या बाया येणार हायत बघाय. बारा वर्सं त्या म्हणत्यात, कशाला घसा कोरडा करती, ती काय बोलती का. एकदा ऐकू दे त्यास्नी."

सरांचे हात हे सगळं खोलीभर सांगत होते. सुजाता भिंतीला टेकून बघत होती. सर म्हणाले, "नाही होणार, ताई."

"एकच वाक्य."

"एका वेळी एकच, ताई. दोन्ही केलं तर दोन्ही मोडतं."

ती बाई वाद घालायला आली नव्हती. तिनं पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या आणि गेली.

मी मात्र पेटलो. त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'आवाज कुणाचा?' असं शीर्षक. ज्या मुलीनं बारा वर्षं झगडून आवाज मिळवला तिचा आवाज नियमाच्या नावाखाली कोण काढून घेतंय, असा सवाल केला आणि शंभर प्रती छापून आणल्या. पहिली सरांना दिली. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, पूर्ण वाचलं, सात ठिकाणी र्‍हस्वदीर्घ दुरुस्त केलं आणि परत दिलं. मजकुराबद्दल अक्षर काढलं नाही. छापखान्यातल्या माणसाचा मुलगा. मला वाटतं, माझा त्याहून मोठा अपमान कुणी केलेला नाही.

मग मी भांडलो. तालीम थांबवून, खोलीच्या मधोमध. "हा हुकूमशाहीचा प्रकार आहे, सर. ओठ उघडायलासुद्धा परवानगी? ज्यांनी शाळेत हात बांधले ते आणि तोंड बांधणारे तुम्ही, फरक काय?"

"फरक आहे."

"काय? सांगा ना! तुम्ही चोवीस तास दोन्ही करता. तिनं एक वाक्य केलं तर आभाळ कोसळतं? तिच्या आईकडे बघा. तिच्या हक्काचं काय?"

"कुणाच्या हक्काचं? आईच्या की लेकीच्या?"

"दोघींच्या!"

तेवढ्यात ट्यूबलाइट विझली. लागली. विझली. लागली. बहिऱ्यांमध्ये हाक अशी मारतात. सुजाता बटणापाशी उभी होती. सगळे तिच्याकडे वळल्यावर तिनं बटण सोडलं आणि मला खुणेनं विचारलं, "काय चाललंय?"

"तुझ्याबद्दलच बोलतोय," मी हातांनी सांगितलं. "तुझ्या हक्काबद्दल."

"माहीत आहे. अर्धं माहीत आहे. सरांचे हात दिसत होते. तुझी पाठ दिसत होती."

मी पंधरा मिनिटं तिच्या आवाजाच्या हक्कावर भांडत होतो. तिच्याकडे पाठ करून. नुसत्या तोंडानं. माझे दोन्ही हात त्या वेळी मुठी आवळण्यात गुंतले होते.

सर हळूच म्हणाले, नेहमीसारखंच दोन्ही भाषांत, "म्हणून मी दोन्ही करतो, पत्रकवाले. मी वाईट करतो, अर्धंमुर्धं करतो, पण खोलीत कुणी उपाशी राहू नये. घरात अर्धी भाकरी वाटून खातात. तिकीट काढून आलेल्या पाहुण्याला अर्धी वाढत नाहीत."

तीन वर्षांत मिळालेल्या उत्तरांत हे मला सगळ्यात खरं वाटतं. पण दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छे, छे. ते आपलं भांडण मिटवायला बोललो."

तर सुजाता. तिनं आम्हा दोघांना बसायला सांगितलं. तालमीत खुर्ची ओढून देणाऱ्या सरांना दुसऱ्या कुणी बसायला सांगितल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

"शेवटची चार मिनिटं माझे हात," ती म्हणाली. "माझा आवाज नको. आणि तुझाही नको. माइक बंद."

"मग ऐकणाऱ्यांना काहीच कळणार नाही," मी म्हणालो. या वेळी हातांनी.

"हो."

"तुझ्या आईला कळणार नाही."

"हो." तिनं जरा वेळ हात खाली ठेवले. मग पुन्हा वर घेतले. "जेवताना सगळे हसतात. मी विचारते, काय झालं? आई म्हणते, काही नाही, नंतर सांगते. लग्नात, दवाखान्यात, मामा वारला त्या दिवशीसुद्धा. नंतर सांगते. सव्वीस वर्षं झाली, ते नंतर आलेलं नाही. चार मिनिटं तिलाही थांबू दे."

मला वाटलं, आता सर खूश होतील. मंचावर एकच गोष्ट, तीही पूर्ण. त्यांच्या कायद्याचा याहून मोठा विजय कुठला? पण सरांचा चेहरा उतरला होता.

"असं नाही करता येत," ते म्हणाले. "आई समोर बसलेली असताना? कुणीतरी सांगायला हवं तिला. मी सांगतो. मी शेजारी बसेन, हळू आवाजात..."

"नको."

"आधी कल्पना तरी देऊ."

"नको, सर."

तत्त्व म्हणून ती बरोबर होती, याबद्दल मला शंका नव्हती. पण मला टेबलावरच्या शेंगाही दिसत होत्या. माझ्याकडे आवाजाच्या हक्काची शंभर पत्रकं होती आणि जिच्यासाठी लिहिली ती आवाज नको म्हणत होती. मी कुणाच्या बाजूचा होतो? सरांनी शेवटी दोन्ही हात वर केले. "आपलं नाटक आहे," ते म्हणाले. सगळ्यांना 'आपण' म्हणणारे सर सुजाताला मात्र नेहमी अगं-तुगं करायचे. त्या दिवशी 'आपलं' म्हणाले.

प्रयोग रविवारी दुपारी होता. तिची आई आठ बायांना घेऊन आली, सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत. दुसऱ्या रांगेत बसल्या. मी माइकची वायर लावत होतो तर मला हाक मारली.

"बोलणार हाय न्हवं?"

"बघाच तुम्ही, मावशी," मी म्हणालो. जो माणूस पत्रकात 'स्पष्ट उत्तर द्या' असं लिहितो त्यानं दिलेलं उत्तर होतं ते.

नाटक चांगलं चाललं. पुढच्या रांगांतले बहिरे प्रेक्षक पोट धरून हसत होते, आणि माझ्या आवाजावर ऐकणारेही. पाऊण तासानंतर सुजाता एकटी मंचाच्या मधोमध आली. मी माइक बंद केला.

त्या चार मिनिटांत ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. ती नको म्हणाली होती.

सभागृहात काय झालं ते मात्र सांगता येईल. अर्ध्या मिनिटात खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी खोकलं. मागून एक आवाज आला, "माइक गेला वाटतं!" दुसरा म्हणाला, "ओ, आवाज!" गावाकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तिच्या आईनं आधी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग ती सुजाताच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ कधी हलतील म्हणून. तिचे स्वतःचे ओठ हलत होते, बारा वर्षं अक्षरं घोटून घेताना हलायचे तसे. सुजाताचे ओठ मिटलेले होते.

दीड-दोन मिनिटं गेली असतील. सर मागच्या दारापाशी उभे होते. मी त्यांना निघताना पाहिलं. गुडघेदुखीचा माणूस, वाकून, खुर्च्यांच्या मधून झपाझप खाली आला, सुजाताच्या आईच्या शेजारी उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. त्यांना राहवलं नाही. हातही चालू झाले होते, छातीशी, लहान लहान.

सुजाताला मंचावरून ते दिसलं. तिचे हात वरच्या वर थांबले. पुढच्या रांगांतले सगळे बहिरे प्रेक्षक मागे वळून बघायला लागले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. काय करणार होतो ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात सुजाताच्या आईचा आवाज आला. अंगणवाडीतला, तीस पोरांना एका दमात बसवणारा.

"अवो, जरा गप बसा की! बघू द्या मला तिला."

सरांचं तोंड मिटलं. हात छातीशी तसेच राहिले. मग ते हळूच खाली, दोन रांगांमधल्या जमिनीवर बसले. आईनं मंचाकडे बघून हनुवटी उचलली. कर, पुढं कर. त्यासाठी कुणाला दुभाष्या लागला नाही. सुजातानं थांबलेल्या जागेपासून नाही, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. सभागृहात एकही खुर्ची वाजली नाही. आई आता ओठांकडे बघत नव्हती.

संपल्यावर बहिऱ्या प्रेक्षकांनी हात वर करून हलवले. ऐकणाऱ्यांनी जरा थांबून, बिचकत टाळ्या वाजवल्या. आईनं काहीच केलं नाही. सभागृह रिकामं व्हायला लागलं, बाया "चला की गं" म्हणत दाराकडे गेल्या, तरी ती बसून होती. मग उठून सरळ मंचावर चढली. मी वायर गुंडाळत होतो. मला राहवलं नाही.

"मावशी, कळलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. रागावून नाही आणि रडतही नाही. मग सुजातासमोर उभी राहिली. "पुन्यांदा कर. सावकाश."

सुजातानं आईचे ओठ वाचले.

सरांनी माझी बाही ओढली. "चला बाहेर."

"पण सर, त्यांना कुणीतरी सांगायला..."

"चला."

आम्ही मंचामागच्या दारानं बाहेर आलो. त्यांनी दार ओढून घेतलं. दाराला तळहाताएवढी काच होती. सर काचेकडे पाठ करून पायरीवर बसले. "सहा वर्षांचा होतो तेव्हापासून," ते म्हणाले, "लोक मला म्हणत आलेत, अरे सांग ना, तो काय म्हणतोय, ती काय म्हणतेय. दवाखान्यात, बँकेत, बापाच्या मयतीत. आज पहिल्यांदा कुणी गप बसा म्हणालं."

ते दुखावले होते की सुटले होते, मला सांगता येणार नाही. मी खूप निरखून बघितलं होतं त्यांच्याकडे. त्यांनाही ठाऊक नसावं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत काय चाललंय?"

मी काचेतून बघितलं. दोघी मंचाच्या कडेला बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. आईचा एक हात सुजाताच्या हातांवर होता. धरलेला होता की खाली दाबलेला, की त्याच्याबरोबर हलत होता, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

"बसल्यात दोघी."

"बोलताहेत?"

"वाटतंय तसं."

"हातांनी की तोंडानं?"

मी काचेला नाक लावलं. पुन्हा बघितलं.

"सांगता येत नाही, सर."

"मग सांगू नका," ते म्हणाले.